हे सुचले कसे?



भाषणाला सुरुवात करण्यापूर्वी तुमच्यापुढे एक कोडे ठेवतो. तुमच्याजवळ दोन भांडी आहेत. मोठ्यात बरोबर ९ लिटर पाणी मावते, धाकट्यात बरोबर ४ लिटर. भांड्यांवर मधल्या खुणा काही नाहीत. जवळच भरलेली विहीर आहे. पाणी हवे तितके शेंदावे, हवे तितके ओतून द्यावे. (दुष्काळी भागातल्या मंडळींनी एवढ्यावरून रागावू नये, हे पाणी कोड्यातले आहे.) आता मोठ्या भांड्यात बरोबर ६ लिटर पाणी राहिले पाहिजे. कसे कराल? कागद-पेन्सिल शोधायला उठू नका. मी इकडे बोलत राहतो, तुम्ही मनातल्या मनात ओतत राहा. थोड्या वेळाने आपण या विहिरीवर परत येऊ.

अशी कोडी आपल्याकडे घरोघरी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकायला मिळतात. ऐकायची, उत्तर कळले की हसायचे आणि विसरायचे. पण एका गणितज्ञाने नेमके हेच कोडे आपल्या पुस्तकात घेतले आणि माणसाला एखादी युक्ती सुचते तेव्हा मनात काय घडते, ते त्यावरून शिक्षकांना दाखवून दिले. त्यांचे नाव जॉर्ज पोल्या. त्यांच्या मायदेशी, हंगेरीत, या आडनावाचा उच्चार पोया असा काहीसा करतात. पण आपल्याकडे पोल्या हेच रूप रुळले आहे, तेच मी घेतो. या गृहस्थांनी अस्सल गणितात मोठे काम केले, आणि तरीही आयुष्याची शेवटची तीस-चाळीस वर्षे मुख्यतः एकाच गोष्टीला दिली: शाळेतल्या मुलाला उदाहरण स्वतःचे स्वतः सोडवता यावे, आणि त्यासाठी त्याच्या शिक्षकाने काय करावे.

पोल्या यांचा जन्म १३ डिसेंबर १८८७ रोजी बुडापेस्ट शहरात झाला. ते दहा वर्षांचे असताना वडील वारले. थोरले भाऊ पुढे शल्यवैद्य झाले आणि त्यांनी धाकट्याच्या शिक्षणाला हातभार लावला. आता तुम्हाला वाटेल, एवढा मोठा गणिती म्हणजे लहानपणापासून आकडेमोडीत बुडालेला असणार. तसे मुळीच नव्हते. शाळेत त्यांचा ओढा भाषा आणि साहित्याकडे. गणिताच्या तीन शिक्षकांपैकी एकच काय ते बरे होते, असे ते पुढे स्पष्ट सांगत. शाळा संपताना हंगेरीतल्या प्रसिद्ध गणित-स्पर्धेला ते बसले खरे, पण उत्तरपत्रिका न देताच उठून आले. मग कायद्याच्या वर्गात नाव घातले. एका सत्रातच कंटाळले. पुढे लॅटिन आणि हंगेरियन या भाषा शाळेत शिकवण्याचा दाखला मिळवला. त्या दाखल्याचा त्यांना फार अभिमान असे, आणि त्याचा उपयोग त्यांनी कधीच केला नाही! मग तत्त्वज्ञान. तिथल्या प्राध्यापकांनी सल्ला दिला की तत्त्वज्ञान कळायचे तर थोडे भौतिकशास्त्र आणि गणित शीक बाबा. असे फिरत फिरत हे गृहस्थ गणितात आले आणि तिथेच राहिले. १९१२ साली त्यांना बुडापेस्टच्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

हे एवढ्यासाठी सांगितले की, उशिरा आलेल्या माणसाला जे दिसते ते घरच्या माणसाला पुष्कळदा दिसत नाही. पोल्या वर्गात बसून व्याख्याने ऐकत. प्राध्यापक फळ्यावर सिद्धता लिहीत. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. प्रत्येक ओळ बिनचूक. शेवटी उत्तर हजर. चूक काढायला जागाच नाही. पण या विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न सारखा टोचत राही: हे सगळे बरोबर आहे, मान्य, परंतु पहिल्या प्रथम ज्याला हे सुचले, त्याला ते सुचले कसे? आणि मला ते आपले आपण कसे सुचेल? फळ्यावर त्याचे उत्तर कुठेच नसे.

शिक्षकबंधूंनो, आणि भगिनींनो, हा प्रश्न आपल्या वर्गातल्या किती मुलांच्या मनात असतो, याचा विचार करा. आपण काळ-काम-वेगाचे उदाहरण फळ्यावर सोडवतो. ‘समजा, संपूर्ण काम १ मानू,’ असे म्हणतो. आपल्याला त्यात नवल वाटत नाही, कारण आपल्या गुरुजींनीही तसेच मानले होते. पण मागच्या बाकावरचा मुलगा तोंड उघडे टाकून बघत राहतो. काम १ का मानायचे? कुणी ठरवले? त्याला वाटते, ही काही तरी वरून आलेली विद्या आहे. ज्यांना येते त्यांना येते, आपल्याला येत नाही. आणि इयत्ता आठवी-नववीत येईपर्यंत तो स्वतःच्या तोंडाने सांगू लागतो, ‘मला गणिताचे डोकेच नाही.’ एकदा हे वाक्य मुलाच्या तोंडी बसले की ते पुसायला फार कष्ट पडतात. पुढे तोच मुलगा आईबाप होतो आणि आपल्या लेकरालाही तेच सांगतो.

पोल्या १९१४ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे शिकवायला गेले आणि तिथे छब्बीस वर्षे राहिले. तिथल्या संशोधनाविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण ती कळायला सोपी आहे. झुरिचजवळच्या रानात ते विचार करीत हिंडत. एक तरुण जोडपेही तिथे फिरायला आलेले असे, आणि वाट कुठलीही धरली तरी त्या जोडप्याची आणि यांची पुन्हा पुन्हा गाठ पडे. पोल्यांना संकोच वाटला, कारण हा मनुष्य मुद्दाम मागे येतो आहे असे त्या दोघांना वाटले असणार. दुसरा कोणी असता तर त्याने फिरायची वेळ बदलली असती. यांनी त्यातून गणिती प्रश्न काढला: चौकाचौकात कोणत्या बाजूला वळायचे हे नाणेफेकीसारखे दैवावर सोडून माणूस भटकत राहिला, तर तो निघाल्या ठिकाणी परत येईलच का? १९२१ साली त्यांनी सिद्ध केले की सपाट जमिनीवरच्या रस्त्यांच्या जाळ्यात तो कधी ना कधी परत येणार हे निश्चित. पण वर-खालीही जाता येत असेल, म्हणजे पाखरासारखी मोकळीक असेल, तर परत येण्याची खात्री नाही. आजही विद्यापीठात हा सिद्धांत शिकवतात.

त्याच काळात शिकवण्याचा विचारही चालू होता. एका मुलाची शिकवणी घेताना घनभूमितीचे एक साधे उदाहरण त्याच्या गळी उतरेना. अर्ध्यावर आला की धागा सुटे. तेव्हा पोल्यांनी त्या उदाहरणातील विचारांची साखळी चित्रात मांडून पाहिली: कुठून निघालो, कुठे पोचायचे, मधले कोणते दुवे जुळले, कोणते राहिले. १९१९ साली त्यांनी यावर लेखही लिहिला. पुढे १९२५ साली गाबोर सेगो या हंगेरियन मित्राबरोबर त्यांनी वरच्या दर्जाच्या गणितातील उदाहरणांचा दोन खंडांचा संग्रह जर्मनमध्ये काढला. त्याची मांडणी विषयवार नसून सोडवण्याच्या रीतीप्रमाणे होती. एक उदाहरण सुटले की त्याच्या बोटाला धरून दुसरे सुटावे, अशा बेताने ती लावलेली. चांगला शिक्षक वर्गात जे करतो, ते या दोघांनी छापील पानावर केले.

मग महायुद्ध आले. पोल्यांचे घराणे मूळचे ज्यू. १९४० साली झुरिच सोडून ते पत्नीसह अमेरिकेला गेले, आणि १९४२ पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. सेगो तिथे आधीच होते. सामानात एका लहानशा पुस्तकाचे जर्मन टिपण होते. तेच इंग्रजीत नव्याने लिहून १९४५ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने छापले. ‘हाउ टू सॉल्व्ह इट’, म्हणजे ‘हे सोडवायचे कसे’, असे त्याचे नाव. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि अनेक भाषांत भाषांतरे झाली. गणिताच्या पुस्तकाचे असे भाग्य क्वचितच असते.

त्यात काय आहे, ते एका वर्गात बसूनच पाहू. पोल्यांनी जे उदाहरण घेतले आहे त्याच धर्तीचे, आकडे मात्र आपले. समजा, शाळेची खोली १२ फूट लांब, ९ फूट रुंद आणि ८ फूट उंच आहे. त्या खोलीत जास्तीत जास्त किती लांबीचा सरळ वासा मावेल? वाशाची जाडी सोडून द्या. मुलांना पायथागोरसचा सिद्धांत येतो, पण असे उदाहरण त्यांनी कधी पाहिलेले नाही. वर्ग गप्प.

आता एक गुरुजी काय करतील? म्हणतील, ‘अरे, जमिनीचा कर्ण काढा, मग पुन्हा पायथागोरस लावा.’ झाले. उदाहरण सुटले, पण सोडवले गुरुजींनी. उद्या दुसरे उदाहरण आले की वर्ग पुन्हा गप्प, कारण ‘जमिनीचा कर्ण काढा’ हे शब्द त्याला लागू पडणार नाहीत. दुसऱ्या टोकाचे गुरुजी म्हणतील, ‘विचार करा!’ आणि खुर्चीवर बसतील. मुले विचार करतात, पण कशाचा करायचा हेच त्यांना ठाऊक नसते.

पोल्यांचे गुरुजी या दोघांच्या मधून जातात. ते विचारतात, ‘आपल्याला काय काढायचे आहे?’ एखादी मुलगी म्हणते, ‘वाशाची लांबी, गुरुजी.’ ‘तो वासा खोलीत कुठे ठेवशील?’ ‘तिरपा. या खालच्या कोपऱ्यातून त्या वरच्या कोपऱ्यात.’ ‘बरं, दिले आहे काय?’ ‘लांबी, रुंदी, उंची.’ ‘एवढ्यावर भागेल का?’ ‘भागेल वाटतं.’ ‘असे तिरपे अंतर काढायचे, पण याहून सोपे, उदाहरण आपण कधी केले होते का?’ पुन्हा शांतता. गुरुजी घाई करीत नाहीत. मग कोणी तरी म्हणतो, ‘काटकोन त्रिकोणात कर्ण काढला होता.’ ‘मग इथे काटकोन त्रिकोण कुठे दिसतो का? नसेल तर एखादा आणता येईल का?’ आणि इथे कोणाच्या तरी डोळ्यांत चमक येते. पोर उठून जमिनीवर खडूने एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढते. १२ चा वर्ग १४४, ९ चा वर्ग ८१, बेरीज २२५, म्हणजे जमिनीवरची रेघ १५ फूट. ती रेघ, कोपऱ्यातली उभी कड आणि वासा, हा झाला दुसरा काटकोन त्रिकोण. १५ चा वर्ग २२५, ८ चा ६४, बेरीज २८९. वासा १७ फुटांचा.

या प्रश्नांत खोलीचे वा वाशाचे नाव जवळजवळ आलेच नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. काय काढायचे? काय दिले आहे? यासारखे दुसरे आठवते का? हेच प्रश्न व्याजाच्या उदाहरणात विचारता येतात, बांधावरच्या मोजणीत विचारता येतात. पोल्यांचे म्हणणे असे की, शिक्षकाने विचारलेला प्रश्न मुलाला स्वतःलाही सुचू शकला असता, इतका साधा असावा; म्हणजे चार-दोन वेळा ऐकल्यावर मूल तो प्रश्न स्वतःलाच विचारू लागते. शिक्षकाची मदत फार झाली तर मुलाला काम उरत नाही, आणि फार कमी पडली तर मूल जागचे हलत नाही.

त्यांनी या कामाच्या चार पायऱ्या सांगितल्या: उदाहरण नीट समजून घेणे, बेत आखणे, बेत पार पाडणे, आणि शेवटी मागे वळून पाहणे. पहिल्या तीन आपण कशाबशा करतो. चौथीचे आपल्याकडे नाव ‘ताळा’. आणि उत्तर मागच्या पानाशी जुळले की ताळा झाला, असे समजून मुले वही मिटतात. पोल्यांचे मागे वळून पाहणे याहून पुष्कळ मोठे आहे. वासा १७ फूट आला. तो सगळ्यात लांब भिंतीहून, १२ फुटांहून, मोठा आहे ना? असायलाच हवा. खोलीची उंची शून्य झाली, छप्पर जमिनीला टेकले, तर आपल्या रीतीने उत्तर १५ येते का? येते. लांबी, रुंदी आणि उंची यांची अदलाबदल केली तर उत्तर बदलते का? बदलत नाही, आणि बदलू नयेच. पाच मिनिटांचे काम आहे. पण उदाहरण मुलाच्या मालकीचे होते ते या पाच मिनिटांत.

आता विहिरीवर येऊ. कोणी कोणी पाणी ओतून ओतून दमले असतील. ९ भरले, ४ काढले, ५ उरले. पुन्हा ४ काढले, १ उरला. असे काही तरी चालले असेल. पोल्या म्हणतात, पुढून वाट सापडत नसेल तर शेवटापासून मागे या. समजा, काम झाले; मोठ्या भांड्यात ६ लिटर आहेत. त्याच्या आधीच्या क्षणी काय असेल? मोठे भांडे काठोकाठ, ९ लिटर, आणि त्यातून बरोबर ३ लिटर काढून घेतले असतील. बरोबर ३ कसे काढता येतील? धाकट्या भांड्यात आधीच १ लिटर असेल तर; मग त्यात ३ च मावतील. म्हणजे आता ६ ची चिंता सोडा, धाकट्यात १ लिटर कसा येईल ते पाहा. आणि तो १ तर मघाशीच तुमच्या हाती आला होता! ९ मधून दोनदा ४ काढले की १ उरतो. तो धाकट्यात ओता, मोठे पुन्हा भरा, त्यातून धाकटे भरून घ्या. मोठ्यात ६ उरले. शेवटाकडून मागे येण्याची ही रीत प्राचीन ग्रीकांना माहीत होती. पॅपस नावाच्या गणितीच्या ग्रंथातला तो भाग पोल्यांनी आपल्या पुस्तकात आवर्जून समजावून दिला आहे. आपला शेतकरीही बाजाराचा दिवस धरून मागे मोजत पेरणीची तारीख काढतो. तीच रीत.

१९५३ साली पोल्या निवृत्त झाले. पुढच्या वर्षी त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, तो अटकळीवर. अटकळ हा शब्द गणिताच्या वर्गात ऐकला की आपण दचकतो. ‘अंदाजाने सांगू नको, करून दाखव,’ असे आपण मुलाला दटावतो. पोल्यांचे म्हणणे उलट होते. तयार झालेले गणित पायरीपायरीने सिद्ध केलेले असते हे खरे, पण घडत असताना ते अटकळींनीच पुढे सरकते. म्हणून मुलाला आधी अंदाज करू द्या. मग तो तपासायला लावा. मग सिद्ध करायला लावा. अंदाज केला की मूल त्या उत्तरात गुंतते. आपला खरा की खोटा, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

१९६५-६६ च्या सुमारास अमेरिकेत एक बोधपट निघाला, त्यात पोल्या विद्यार्थ्यांच्या वर्गाला एकच प्रश्न विचारतात. अवकाशात पाच सपाट पातळ्या कशाही, एकमेकींना छेदतील अशा ठेवल्या, तर अवकाशाचे किती भाग होतील? आधी अंदाज करायला लावतात, मग सोप्या बाजूने जातात. आपण घरगुती वस्तू घेऊ. एक मोठा बटाटा, एक सुरी, आणि अट अशी की तुकडे जागचे हलवायचे नाहीत. एका कापाने २ तुकडे. दुसरा आडवा काप दिला, ४. तिसरा दिला, ८. चौथा? वर्गातली सगळी पोरे एका सुरात १६ म्हणतील. आणि उत्तर येते १५! मुलांनी केलेला अंदाज मुलांच्या डोळ्यांदेखत मोडला पाहिजे. त्याशिवाय सिद्धतेची गरज काय, हे त्यांना कळत नाही.

१५ का? त्यासाठी बटाटा सोडून भाकरी घ्या, म्हणजे सोपे होईल. भाकरीवर सुरीने सरळ रेघा मारायच्या. एका रेघेने २ तुकडे, दोन छेदणाऱ्या रेघांनी ४. तिसरी रेघ आधीच्या दोन्ही रेघांना वेगवेगळ्या जागी छेदून गेली, तर तिचे स्वतःचे ३ भाग होतात, आणि प्रत्येक भाग एका तुकड्याचे दोन करतो. म्हणून ४ आणि ३, ७. चौथीने आणखी ४, म्हणजे ११. आता बटाट्याकडे या. चौथा काप आधीच्या तीन कापांना तीन रेघांत छेदतो. म्हणजे त्या चौथ्या कापाचा पृष्ठभाग ही एक भाकरीच झाली, आणि तिच्यावर तीन रेघा. तीन रेघांनी भाकरीचे ७ भाग. प्रत्येक भाग बटाट्याच्या एका तुकड्याचे दोन करतो. ८ आणि ७, १५. पाचव्या कापावर चार रेघा, ११ भाग. १५ आणि ११, २६. मुलांना हे प्रत्यक्ष बटाट्यावर करून दाखवा, संध्याकाळी त्याची भाजी होईल.

निवृत्तीनंतर पोल्यांनी शाळाशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतले. तिथे शिकवण्याच्या पद्धतीवर व्याख्याने देऊन ते थांबत नसत. शिक्षकांना स्वतः उदाहरणे सोडवायला बसवीत, आणि मग पाळीपाळीने एकाने शिक्षक व्हायचे, बाकीच्यांनी विद्यार्थी. त्यांचे साधे म्हणणे होते की, ज्याने स्वतः कधी अडकून, धडपडून एखादे उदाहरण सोडवल्याचा आनंद घेतला नाही, तो तो आनंद मुलांना कुठून देणार? हे वाक्य कडू आहे, पण मला ते पटते. पाठ्यपुस्तकाबाहेरचे एखादे उदाहरण आपण शेवटचे केव्हा सोडवले, हे आपणच आठवून पाहावे.

असे वर्ग, अशी उदाहरणे हंगेरीत जुनी होती. १८९४ साली ग्यॉर या गावी दानिएल अरान्य नावाच्या शाळाशिक्षकाने मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. दर महिन्याला त्यात उदाहरणे येत, मुले सोडवून धाडीत, आणि चांगल्या रीती नावानिशी छापून येत. एका शाळामास्तराने लावलेले ते रोप! त्याच वर्षी ती स्पर्धाही सुरू झाली, जिच्यातून पोल्या उत्तरपत्रिका न देता उठले होते. सेगो मात्र १९१२ साली तिच्यात पहिले आले. त्या दोघांनी १९४६ पासून १९६५ पर्यंत स्टॅनफर्डमार्फत शाळकरी मुलांसाठी तशीच स्पर्धा चालवली. १९५९ साली रुमानियात अनेक देशांची मिळून गणित ऑलिंपियाड सुरू झाली. भारत तिच्यात १९८९ पासून उतरला, आणि १९९६ साली ती आपल्या मुंबईतच भरली होती.

स्पर्धा चांगल्याच, पण पोल्यांची नजर वर्गातल्या बाकीच्या मुलांवर होती. शंभरात एखादेच मूल गणितज्ञ होते, आणि बहुतेकांना शाळेपलीकडचे गणित जन्मात लागत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. तरीही अडचण समोर आली असता न घाबरता तिचे तुकडे पाडून पाहण्याची सवय प्रत्येकाला लागावी, आणि ती लावायला शाळेत गणितासारखी जागा नाही, असे ते म्हणत. म्हणूनच १९६० च्या आसपास अमेरिकेत ‘नवे गणित’ म्हणून लहान मुलांपुढे संच आणि व्याख्या यांचा डोंगर उभा राहिला, तेव्हा १९६२ साली साठांहून अधिक गणितज्ञांनी सही करून एक निवेदन काढले, त्यात पोल्यांची सही होती.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १९८० साली अमेरिकेतल्या गणित-शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने जाहीर केले की, येत्या दशकात शाळेतल्या गणिताचा केंद्रबिंदू उदाहरणे सोडवणे हा असेल. पोल्या तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते. त्यांचा विजयच म्हणायचा. पण शाळांतून पुष्कळ ठिकाणी काय झाले? चार पायऱ्यांचे तक्ते छापून भिंतीला लागले. मुलांनी चार पायऱ्या पाठ केल्या. ज्या घोकंपट्टीविरुद्ध माणूस जन्मभर झगडला, तिचाच तो एक धडा झाला! कॅलिफोर्नियातले दुसरे एक संशोधक, अ‍ॅलन शोएनफेल्ड, यांनी १९८५ साली या विषयावर महत्त्वाचे पुस्तक लिहिले. पोल्यांची दिशा बरोबर, पण ‘सोपे उदाहरण आठवा’ एवढे सांगून मुलाला ते जमत नाही. एकेका सूचनेच्या पोटात दहा-दहा लहान युक्त्या असतात आणि त्या सावकाश, करून करून शिकाव्या लागतात. शिवाय आपण चुकीच्या वाटेने किती वेळ चाललो आहोत यावर मुलाचे लक्ष हवे. आणि ‘गणित पाच मिनिटांत सुटले नाही म्हणजे सुटणार नाही’ हा मनातला समज घालवला पाहिजे, असे त्यांनी दाखवले. या शेवटच्या समजाची लागण आपल्याकडे किती आहे, ते परीक्षेच्या दालनातून फेरी मारणाऱ्या शिक्षकांना सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, पोल्यांचे ठीक आहे. आमच्या वर्गात साठ पोरे, दोन इयत्ता एकाच खोलीत, आणि मार्चपर्यंत पुस्तक संपवायचे. तक्रार खरी आहे. पोल्यांना अशी शाळा चालवावी लागली नाही. रोज हे करता येणारही नाही. परंतु आठवड्यातून एक तास, एकच उदाहरण, असे करायला पुस्तक आड येत नाही. त्या तासाला खडू मुलांच्या हाती द्यावा आणि आपण फक्त प्रश्न विचारावेत. मूल गप्प राहिले की आपल्या जिभेवर उत्तर येते, ते गिळावे. हे पहिल्या दिवशी फार जड जाते. आणि ज्या पालकांना गणित येत नाही, त्यांनीही घरी मुलाजवळ बसून विचारावे, ‘काय काढायचंय रे? दिलंय काय?’ एवढे विचारायला बाप शिकलेला असावा लागत नाही, आणि पुष्कळदा तेवढ्याने मुलाचे काम होते.

१९७८ साली, नव्वदीत, पोल्यांनी स्टॅनफर्डमध्ये पुन्हा एक वर्ग शिकवला; संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मोजणीचे गणित. ७ सप्टेंबर १९८५ रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी, ते वारले.

आता जाता जाता तुमचे काम. बटाट्याला पाच कापांनी २६ तुकडे झाले, ते आपण पाहिले. सहावा काप दिला तर किती? उत्तर मी सांगत नाही. आधी अंदाज करा, मग भाकरीकडे जा, आणि उत्तर आले की मुलाला विचारू द्या, ते तसेच का आले.